धडधाकट मशीनचा दोष

मास्तरांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा कुठलाही फ्रीज उघडू शकतो. तो परत बंद करू शकतो का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षेसाठी मशीनमध्ये करून ठेवलेला बिघाड त्यांनी आजवर एकाही मुलाला आधी सांगितला नव्हता.

खरं तर सांगायची गरजच नव्हती. फ्रीज दुरुस्ती शिकवणाऱ्या त्या संस्थेत परीक्षेचं मशीन एकच होतं. दुकानात थंड बाटल्या ठेवतात तसलं, काचेच्या दाराचं, मागचा पत्रा काढून पोटातले पाइप उघडे टाकलेलं. त्यात बिघाड करून ठेवायचं काम मास्तरांचं, आणि बिघाड करण्यात त्यांची प्रतिभा बेताचीच होती. एक तर मागच्या सांध्यातून गॅस गळायचा, नाहीतर कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले मेलेला असायचा. मुलं दारातूनच कानोसा घेत. मशीन चालू असेल तर गॅस, बंद असेल तर रिले. एवढ्या विद्येवर निम्मं शहर थंड राहत होतं.

एवढ्यावरही जो दोनदा नापास झाला, तो मास्तरांचा जावई होता.

पोरगा कष्टाळू होता, हात चांगला होता, पण स्वतःच्या हातावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. नट फिरवायच्या आधी 'उजवीकडे ना?' आणि फिरवून झाल्यावर 'बरोबर ना?' असं विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दोन्ही वेळा त्याने बिघाड बरोबर ओळखला. दोन्ही वेळा परीक्षकाने चष्म्यावरून बघत नुसतं 'नक्की?' म्हटलं, आणि दोन्ही वेळा त्याने उत्तर बदललं. वर्गात मास्तर त्याला 'अरे ठोंब्या' म्हणत आणि संध्याकाळी घरी तोच माणूस आला की 'या जावईबापू, बसा' म्हणत. त्या संबोधनांच्या मधल्या वाटेत मास्तरांची फार दमछाक होई.

आता तिसरी आणि शेवटची संधी होती. दवाखान्याच्या औषध भांडारात थंड कपाटं सांभाळायला माणूस हवा होता. जागा जावयासाठी ठेवलीही होती, पण प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय मिळणार नव्हती. या वेळी हुकलं की जागा दुसऱ्याची, आणि जावई पुन्हा सासऱ्याच्या ओळखीवर पंखे पुसत फिरणार.

नेमक्या याच वेळी परीक्षक बदलला. परीक्षेच्या आदल्या दुपारी नव्या परीक्षक बाई आल्या, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "उद्यासाठी यात काहीही बिघाड करू नका."

"मग मुलांनी शोधायचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नाही. ग्राहकाची तक्रार आहे की मशीन थंड करत नाही. मशीन उत्तम आहे, ग्राहकाने दार उघडं टाकलं होतं. उत्तर एकच, दोष नाही. हे सांगायची हिंमत किती जणांत आहे ते मला बघायचंय."

मास्तरांनी मान डोलावली, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मशीनला काही झालेलं नाही, हे वाक्य त्यांच्या शिकवण्यात कधी आलंच नव्हतं. 'बोलावलंय म्हणजे बिघाड आहे, आणि सापडला नाही तर तुझ्यातच आहे,' हे ते पहिल्याच दिवशी मुलांना सांगत. आता उद्या परीक्षेला बसणाऱ्या सात जणांमध्ये 'मशीन बरं आहे' म्हणणारा कोण निघणार होता?

घरी बायकोने त्यांचा चेहरा बघितला आणि ओळखलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यातला बिघाड ओळखायला बायकोला मीटर लागत नाही.

"पेपर अवघड आहे ना?" ती म्हणाली.

"मी सांगणार नाही."

"मला नका सांगू. मला काय करायचंय? पोरीच्या नवऱ्याला सांगा. जगाची पोरं तुमच्या जिवावर पोटाला लागली, आणि घरच्या जावयापाशी तुम्हाला तत्त्व आठवतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

जावई आला, चहा झाला. बायको आत गेली आणि आतून तिने एकही भांडं वाजवलं नाही, म्हणजे ती ऐकत होती. मास्तर बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, उद्या मशीनला काही झालेलं नसेल. बघायचं सगळं, पण लिहायचं दोष नाही. कुणी काही म्हटलं तरी बदलायचं नाही."

"काहीच झालेलं नसेल? नक्की ना, मामा?"

"मी सांगतोय ना."

जावयाच्या चेहऱ्यावर असा निवांतपणा आला, की मास्तरांना क्षणभर आपण पुण्य केल्यासारखंच वाटलं.

परीक्षेचे नियम बाईंनी सकाळी वाचून दाखवले. परीक्षा सुरू झाली की परीक्षकाने मशीनला हात लावायचा नाही. शिक्षकाने शेजारच्या खोलीत काचेमागे बसायचं आणि परीक्षा चालू असताना तोंड उघडायचं नाही. उघडलं तर सगळ्या गटाची परीक्षा रद्द. बाईंनी सुरुवातीला मशीन थंड आहे याची खात्री करून घेतली, मशीन निर्दोष असल्याच्या कागदावर सही केली, आपली पाण्याची बाटली गार व्हायला आत ठेवली आणि मशीनकडे पाठ करून टेबलाशी बसल्या. मूल्यमापन माणसाचं करायचं, मशीनचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात जावयाचा नंबर शेवटचा आला.

पहिला आला तो वर्गातला पैलवान. त्याने हात लावून बघितलं, मशीन थंड. त्याला घाम फुटला. थंड मशीन दुरुस्त कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी 'थंड आहे, पण मनासारखं नाही' असं ठरवून त्याने गॅस भरला. बाईंनी कागदावर 'चूक' लिहिलं.

दुसऱ्याला कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढलेला दिसला. गॅस जास्त झालाय, हे त्याने बरोबर ओळखलं आणि जास्तीचा काढला. मग पुन्हा कुणी जास्त म्हणू नये म्हणून आणखी थोडा काढला. 'चूक.' तिसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला. चौथ्याने फिल्टर कापून नवा जोडला, पण आतली हवा ओढून काढायचं विसरला आणि वर गॅस सोडून मोकळा झाला. पाचव्याने तापलेला कॉम्प्रेसर बघून रिले बदलला, तोही भलत्याच मापाचा. सहाव्यासाठी काही शिल्लकच राहिलं नव्हतं. त्याने दाराचं रबर बदललं आणि दार लागेनासं झालं.

काचेमागे मास्तरांचा जीव वरखाली होत होता. यांतला प्रत्येक हात त्यांनीच घडवलेला होता. फिल्टर कापताना चौथ्याने जीभ दातात धरली, ती थेट मास्तरांसारखी. आयुष्यभर बिघाड शोधायला शिकवलं, आणि आज मुलं नसलेला बिघाड घालून तो शोधत होती. सकाळी धडधाकट असलेलं मशीन दुपारपर्यंत पार आडवं झालं होतं. कॉम्प्रेसर घुर्र करायचा, खट्‌कन बंद पडायचा, आणि थोड्या वेळाने परत घुर्र.

मग जावई आत आला.

त्याने शेल्फावर हात ठेवला आणि थबकला. मागे वाकून कॉम्प्रेसरला बोट लावलं, चटका बसला तसं झटकलं. मग खाली बसून ती घुर्र आणि ती खट् तो शांतपणे ऐकत राहिला. रिले काढून त्यावरचं माप वाचलं, नव्या फिल्टरच्या जोडावरून बोट फिरवलं, गॅसच्या दाबाचा काटा बघितला. कुणालाही काही न विचारता. मास्तर काचेला नाक लावून बघत होते. दोन वर्षं ज्या मुलाला ते ठोंब्या म्हणत होते, तो त्यांच्यासमोर एकेक बिघाड अलगद वेचत होता. त्याने कागदावर भराभर ओळी लिहिल्या.

आणि मग तो थांबला. काचेतून त्याने मास्तरांकडे बघितलं.

मास्तरांना ओरडावंसं वाटलं. 'लिहिलंस ते ठेव' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की परीक्षा रद्द आणि जागा गेली. तोंड मिटलं तर? बाईंच्या कागदावर तर उत्तर 'दोष नाही' हेच होतं. मास्तर मूग गिळून बसले. जावयाने मान खाली घातली, लिहिलेल्या ओळींवर काट मारली आणि खाली दोनच शब्द लिहिले.

बाईंनी कागद घेतला, चष्म्यावरून बघितलं. "दोष नाही? नक्की?"

मागून मशीन घुर्र करून खट्‌कन बंद पडलं.

"नक्की," जावई म्हणाला. जन्मात पहिल्यांदा 'नक्की?' ऐकून त्याने उत्तर बदललं नव्हतं.

निकाल तिथेच लागला. सहा जण नापास, एक पास. बाईंनी भाषण केलं. धंद्यात अशा माणसाची गरज आहे, म्हणाल्या, जो मशीनसमोर उभा राहून निर्भयपणे सांगतो की याला काही झालेलं नाही. मग त्यांनी आपली बाटली बाहेर काढली. पाणी कोमट लागलं.

"मुलांनी दार फार उघडं ठेवलं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आता मास्तरांच्या तोंडावर कुठलाही नियम नव्हता. तरी ते काही बोलले नाहीत. घरी जाताना जावयानेच विषय काढला.

"मामा, मला ते गरम लागत होतं. रिलेही भलता वाटला. मग म्हटलं, तुम्ही सांगितलंय म्हणजे माझाच हात चुकत असणार."

"झालं ना काम? मग कशाला उगाळायचं ते," मास्तर म्हणाले. हे बोलताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की उरलेला रस्ता ते दोन पावलं पुढेच चालत राहिले. बायकोने दारात दोघांना बघितलं आणि पहिलं कौतुक केलं ते नवऱ्याचं.

जावई नोकरीला लागला आणि मास्तरांचा फोन वाजायला लागला. मामा, लहान कपाटाचा पंखा वाजतोय, ठीक आहे ना? मामा, पाइपला पाणी सुटलंय, चालेल ना? मास्तर खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत. बायको कौतुकाने म्हणे, "जावई विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत." लेकीने मात्र एकदा सांगितलं की हल्ली तो भाजीत मीठ बरोबर आहे का हेही तिलाच विचारतो. मास्तर हसले नाहीत.

मग एका दुपारी जेवणाच्या ताटावर फोन आला.

"मामा, लहान मुलांच्या लसी ठेवतात ना, त्या मोठ्या कपाटापाशी उभा आहे. ते मला गरम लागतंय. बाहेर तापमानाचा आकडा मात्र बरोबर आहे. भांडारप्रमुख म्हणतात, कालच तपासणी झाली, मशीन निर्दोष असल्याचा कागद आहे, तू पण सही कर. काय करू?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "आत हात घालून बघितलास?"

"बघितला."

"काय वाटतं तुला?"

"माझं काय, मामा. मागेही मला गरम वाटलं होतं आणि ते बरं निघालं. तुम्हीच सांगा."

बायको समोर वाढत उभी होती. तिच्यासमोर हे बोलावं लागणार हे मास्तरांना दिसत होतं, आणि दुसरी वाटही दिसत नव्हती.

"ऐक. त्या दिवशी मशीन पार मेलेलं होतं. तू काट मारलीस ना, त्यातली ओळ न् ओळ खरी होती. मी काचेमागून बघत होतो. खोटा ठरलो तो मी. तुझा हात दोन वर्षांत एकदाही चुकलेला नाही, आणि मी तुला पास करण्याच्या नादात तोच मोडून ठेवला. आता त्या कागदाचं सोड आणि माझंही सोड. तुझा हात जर..."

फोन कट झाला.

मास्तर 'हॅलो, हॅलो' करत राहिले. परत लावला तर कुणी उचलेना. पुन्हा लावला, तरी तेच. मग त्यांच्या लक्षात आलं, की लसी दुसऱ्या कपाटात हलवायच्या तर माणसाला दोन्ही हात लागतात.

"जावयाने फोन आपटला तुमच्यावर?" बायको हातात पळी धरून म्हणाली. "सासऱ्याचं बोलणं अर्धवट तोडून? आणि तुम्ही हसताय काय?"

"वाढ," मास्तर म्हणाले आणि डोळे पुसून जेवायला लागले.