ट्रंकेची दुसरी कडी

निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षभरात येरमाळ्याच्या बिरदेव धनगरानं एकच गोष्ट निदान शंभरदा सांगितली होती. तीही गावदेवी येडाईची शपथ घेऊन. "आता साक्षात कलेक्टर येऊ द्या, त्याची वळकटी म्या डोस्क्यावर घ्यायचा न्हाय." चाळीस वर्षं त्यानं वेठ केली होती. महसुलाचा गिरदावर येवो, पोलिसांचा अमीन येवो, मेंढरं तशीच सोडायची आणि साहेबाचं सामान चावडीपर्यंत फुकट वाहायचं. त्याच्या शपथेला सगळ्या गावानं मान डोलावली. बायको नागूबाईनं मात्र अट घातली, "डोस्क्यावर परक्याचं वझं दिसलं, तर त्या दिवसापासनं भाकरी तुमची तुमी थापायची." बिरदेवाला भाकरी थापता येत नव्हती, त्यामुळे शपथ चांगलीच पक्की होती.

दर रविवारी दुपारी मल्लिनाथ कापडवाल्याच्या ओट्यावर गुरुलिंग मास्तर कादंबरी वाचून दाखवायचे. सोलापूरहून आणलेली, जाडजूड, अमेरिकेतल्या गुलामांची. तिच्यात कापसाचा मळा होता, म्हणून ती कुणाला परक्या मुलखातली वाटतच नव्हती. त्या मळ्याच्या मालकाला कापसातलं काही कळत नाही, यावर तर ओट्याचं एकमत झालं होतं.

त्या रविवारी गोष्टीत एक म्हातारा आला. गुलामी सुटून त्याला तीस वर्षं झालेली, तरी कुठंही घंटा वाजली की हा ताडकन उठायचा आणि केव्हाच विकून गेलेल्या मळ्याकडे चालू लागायचा. मास्तरांनी ते पान सावकाश वाचलं. ओटा मात्र हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं बिरदेव हसला.

"येडाच हाय की," तो म्हणाला. "घंटा वाजली तर कूस बदलावी न् पडून ऱ्हावं. मास्तर, लिवणाऱ्यानं ह्ये पदरचं घातलंय."

"पुढं तर ऐका," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात समोर तुळजापूरकडची मोटार थांबली. खाकी कोट, खाकी टोपी आणि बूट घातलेला एक माणूस उतरला. टपावरून त्याची लोखंडी ट्रंक खाली आली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि घसा खाकरला. एवढंच केलं बिचाऱ्यानं. बिरदेव कधी उठला, डोक्यावर टॉवेलाची चुंबळ कधी ठेवली, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. ट्रंक घेऊन तो सरळ चावडीच्या वाटेला लागला.

मागून "चोर, चोर" असा ओरडा सुरू झाला. आता चाळीस वर्षं साहेब मागूनच ओरडत आले होते. ओरडा वाढला की पाय उचलायचा आणि मागं बघायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे खाकीवाला जितका ओरडे तितका बिरदेव जोरात पळे. खाकीवाल्याच्या मागं मास्तर, कादंबरीच्या पानात बोट तसंच, आणि मास्तरांच्या मागं अख्खा ओटा.

चावडीला कुलूप होतं. बिरदेवानं पायरीवर ट्रंक उतरवली आणि हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला.

"चोरी करून वर हात जोडतोस?" खाकीवाल्याला धाप लागली होती.

"अहो, चोर न्हाईत ते, आमचे बिरदेव हाईत," मल्लिनाथ मधे पडला. मग बिरदेवाकडे वळून म्हणाला, "हे महांतप्पा. माझी शिलाईची मशीन दुरुस्त करायला सोलापूरहून बोलावलेत."

"मग माझी ट्रंक इथं कशाला आणली?" महांतप्पानं विचारलं. "मी हाक तरी मारली होती का?"

यापेक्षा चोर ठरलो असतो तर बरं झालं असतं, असं बिरदेवाला वाटलं. आता ओटा हसेल म्हणून त्यानं वाट बघितली. कुणीच हसलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "लिवणाऱ्यानं पदरचं न्हाय घातलं."

ट्रंक आता परत न्यायला हवी होती. महांतप्पा वाकला, पण ती एकट्याला हलेना. बिरदेवाचे हात आपोआप चुंबळीकडे गेले आणि अर्ध्यात थांबले.

"डोस्क्यावर न्हाय," तो म्हणाला. "एक कडी तुमी धरा, एक म्या धरतो."

दोघं शेजारी शेजारी चालू लागले. ज्याचं ओझं वाहतोय त्याचं तोंड बिरदेवानं जन्मात पहिल्यांदाच बघितलं. तोंडावर देवीचे वण होते, आणि दर वीस पावलांवर महांतप्पा "थांबा" म्हणत होता.

वाटेत घागर घेऊन नागूबाई उभी. तिनं तोंड उघडायच्या आत बिरदेव म्हणाला, "हातात हाय, डोस्क्यावर न्हाय."

"जाताना डोस्क्यावर व्हती, म्या बघितली," नागूबाई म्हणाली. "येताना हातात हाय. तवा निम्म्या भाकरी तुमी थापा."

ओट्यावर पोचल्यावर बिरदेव आपल्या जागेवर बसला. मास्तरांनी पुस्तक उघडलं.

"मास्तर, आदुगर एक सांगा. त्या म्हाताऱ्याला कुणी भेटलं का? दुसरी कडी धरणारं?"

मास्तरांनी पुढची चार-पाच पानं चाळली. "अजून तरी न्हाय."

"मग वाचा," बिरदेव म्हणाला. "आन् आता कुणी हसू नगा."