साडूला न सांगितलेली गोष्ट

क्लबच्या सेक्रेटरीने तलाववाल्या बाईंना ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. नऊ वर्षांत त्याने त्यांना कधी 'बसा' म्हटलं नव्हतं.

"बाई, तुमचंही वय होत चाललं आता," तो म्हणाला. "ती मिठाची पोती उचलायची, ॲसिडचे कॅन ओढायचे. त्यापेक्षा टॉवेलच्या काउंटरवर बसा आरामात. तलाव माझा साडू बघेल. पंधरा दिवसांत त्याला सगळं शिकवून टाका."

बाईंचं वय सेहेचाळीस. सेक्रेटरी स्वतः एकसष्टचा, पण त्याचं वय काही होत चाललं नव्हतं. साडूचा कारखाना बंद पडला होता, मेहुणी रोज फोनवर रडत होती आणि बायकोने जेवताना-झोपताना तोच विषय लावून धरला होता, एवढीच खरी गोष्ट. घरची कटकट उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची आणि वर त्याला आराम म्हणायचं, याला अक्कल लागते. बाई "बरं" म्हणाल्या आणि उठल्या.

रात्री नवरा म्हणाला, "पगार तोच आहे ना? मग शिकव की. आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय म्हणे. बाईंना त्या रात्री पहिल्यांदा नवऱ्याचा खरोखर राग आला. तो तलाव त्यांना कुणी शिकवला नव्हता. पोहायचा, पण खाऱ्या पाण्याचा तलाव. सभासद पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्याकडे औषधबिषध नाही, नुसतं मीठ. बाई ऐकून मनातल्या मनात कपाळाला हात लावायच्या. अहो, त्या मिठातूनच तर मशीन क्लोरीन काढतं. आतल्या पट्ट्यांवर पांढरा क्षार साचला की मशीन रुसतं, मग पट्ट्या पातळ ॲसिडमध्ये बुडवून साफ कराव्या लागतात. आणि ॲसिड पाण्यात घालायचं असतं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे बाईंना डाव्या मनगटावरची कातडी जळाली तेव्हा कळलं. असं एकेक करून त्यांनी ते पाणी आपलंसं केलं होतं. पंपखोलीत शिरल्यावर नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या, गाळणी भरलीय की नाही.

साडू आला तो हातात वही घेऊनच. पंचावन्नचा, खाली मान घालून बोलणारा, पहिल्या दिवसापासून "ताई, ताई" करणारा. उद्धट असता तर बरं झालं असतं, बाईंना वाटलं. सुखाने राग तरी धरता आला असता. पण हा माणूस पंपाचा वॉल्व्ह किती फिरवायचा तेसुद्धा चित्र काढून लिहून घ्यायचा. बाईंनी मीठ किती, ॲसिड किती, गाळणी कधी उलट्या प्रवाहाने धुवायची, सगळं सांगितलं. पाणी तपासणंही शिकवलं. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, वरून औषधाचे पाच थेंब टाकायचे. फिकट गुलाबी झालं तर क्लोरीन कमी, गडद गुलाबी झालं तर जास्त, रंगच आला नाही तर क्लोरीन नाही. मग हाताने घालायचं. साडूने लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

एक गोष्ट मात्र बाईंनी सांगितली नाही. क्लोरीन अतोनात झालं, की ते त्या थेंबांचाच रंग खाऊन टाकतं. थेंब पडताक्षणी क्षणभर गुलाबी चमकतं आणि विझतं. नळी दिसते स्वच्छ, आणि माणूस समजतो पाण्यात काहीच नाही. अशा वेळी तेच पाणी नऊ पट साध्या पाण्यात मिसळून पुन्हा तपासायचं. दुसऱ्या वर्षी बाईंच्या हातून हा घोटाळा होता होता राहिला होता.

शेवटच्या दिवशी साडूने विचारलं, "ताई, काही राहिलंय का सांगायचं?"

गोष्ट जिभेच्या टोकावर आली होती. तेवढ्यात खिडकीतून बाईंना टॉवेलचा काउंटर दिसला, आणि त्यांचं तोंड कडू झालं. सगळं घेतलंत, एवढं एक राहू द्या माझ्याकडे, असं त्यांना वाटलं. कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. साडू एकदा तरी तोंडघशी पडावा आणि सेक्रेटरीने "बाई कुठायत" म्हणत धावत यावं, इतकंच होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळं सांगितलं."

महिन्याभरात एका शनिवारी पाहुण्या क्लबची मंडळी यायची ठरली. सेक्रेटरीने हुकूम सोडला, पाणी आरशासारखं हवं, तीन दिवस तलाव बंद ठेवा आणि मशीन पूर्ण जोरात चालू ठेवा. तलावावर आच्छादन, पोहणारं कुणी नाही, आणि मशीन रात्रंदिवस क्लोरीन काढतंय. टॉवेलच्या घड्या घालता घालता बाईंना हे सगळं दिसत होतं. शुक्रवारी त्या पंपखोलीच्या दारापर्यंत गेल्याही. आत साडू मन लावून फरशी पुसत होता. "या ना ताई," तो म्हणाला. "काही नाही, सहज," म्हणून त्या परत फिरल्या.

शनिवारी पहाटे साडूने आच्छादन काढून पाणी तपासलं. नळी स्वच्छ. त्याने वहीत पाहिलं, रेघ मारलेली ओळ वाचली आणि दोन कॅन क्लोरीन तलावात ओतलं. उग्र वास आला तेव्हा त्याला वाटलं, आत्ताच ओतलंय म्हणून येत असेल. सहा वाजता तलाव उघडला आणि नेहमीप्रमाणे पहिल्या उतरल्या त्या हेडबाई.

हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, वय बहात्तर, गुडघे गेलेले, त्यात दमा. रोज पाण्यात उतरतात म्हणून चालता येतंय, असं डॉक्टर सांगायचे. अख्ख्या क्लबात बाईंना "जेवलीस का गं?" विचारणाऱ्या त्या एकट्या. बाई काउंटरवर आल्या तेव्हा दोघंजण हेडबाईंना धरून बाहेर आणत होते. डोळे लालभडक झाले होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. सहाला कोण येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नऊ वर्षं त्यांनीच तर दार उघडलं होतं.

सोमवारी कमिटी बसली. सेक्रेटरीला साडूपेक्षा खुर्ची प्यारी, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

"मला शिकवलं तसंच केलं मी," साडू म्हणाला आणि वही पुढे केली. "रंग आला नाही तर क्लोरीन नाही."

सेक्रेटरी बाईंकडे वळला. "बाई, तुम्ही एवढंच सांगितलं होतं?"

बाई खरं बोलल्या असत्या तर टॉवेलही गेले, तलावही गेला, आणि वर पोलीसही आले असते. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"सांगितलं होतं पुढचंही," त्या म्हणाल्या. "यांनी लिहून घेतलं नसेल."

साडू भांडेल, ओरडेल, खोटारडी म्हणेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तो वही उलटसुलट चाळत राहिला. एकेका पानावरून बोट फिरवलं, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्याने वही मिटली.

"राहिलं असेल माझं," तो हळूच म्हणाला.

तलाव बाईंना परत मिळाला. सेक्रेटरी धावत आला नसला तरी पंपखोलीपर्यंत चालत आला, हसला, आणि "तुमच्याशिवाय होत नाही हो," म्हणाला. हेच वाक्य ऐकायला बाईंचा जीव महिनाभर तळमळला होता. आता ते ऐकून त्या त्याच्याकडे न बघताच वॉल्व्ह फिरवायला वळल्या.

पंधरा दिवसांनी त्या हेडबाईंना भेटायला त्यांच्या घरी गेल्या. हेडबाई उशांना टेकून बसल्या होत्या, शेजारी वाफ घ्यायचं यंत्र होतं. एक वाक्य बोलून दोनदा थांबावं लागत होतं. पाण्यात उतरणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं होतं, आणि गुडघे लगेच आखडायला लागले होते.

बाई ठरवून आल्या होत्या. सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो.

"तो येतो गं रोज," हेडबाईच म्हणाल्या. "साडू. औषधं आणून देतो, पाय चेपू का विचारतो. काल रडला. म्हणाला, ताईंनी मला नीट समजावून सांगितलं होतं, मला आठवतंय आता, माझंच लक्ष नव्हतं."

बाईंनी वर पाहिलं.

"आठवतंय म्हणाला?"

"हो. तू पंपाजवळ उभी राहून सांगत होतीस म्हणे. चूक पदरात घेणारं माणूस आजकाल कुठं भेटतं?" हेडबाईंनी श्वास घेतला आणि बाईंचा हात धरला. "मी त्याला म्हटलं, ती सांगितल्याशिवाय राहायचीच नाही. सांगितलं होतंस ना गं तू?"

हात म्हातारा होता आणि गरम होता. बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं."