आईचं लाडकं दीपगृह

दीपगृहं बघायची म्हणे! गाडीतून उतरायचं, मान वर करायची, 'अय्या, केवढं उंच!' म्हणायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या दीपगृहाकडे पळायचं. सकाळपासून हाच उद्योग चालला होता. सून प्रत्येक ठिकाणी भिंतीला टेकून, केस वाऱ्यावर सोडून उभी राहायची आणि लेक गुडघ्यावर बसून तिचे फोटो काढायचा. मला मेलीला वर चढवत नाही, म्हणून खाली बाकावर बसवून ठेवायचे.

हौस सगळी लेकाची. माझे वडील दीपगृहावर दिवा सांभाळायला होते, माझं लहानपण तिथं गेलं, हे तो येईल त्या पाहुण्याला ऐकवतो. 'आमची आई लाटांच्या आवाजावर वाढली!' डोंबल. आम्ही वाढलो ते होडीतून येणाऱ्या किडक्या पिठावर.

शेवटचं दीपगृह आमचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. कळकट दगडांना पांढरा रंग फासून नवरीसारखं नटवलेलं. तिथला गाईड पोपटासारखा बोलत होता, "इथं दिवेवाल्याचं कुटुंब निसर्गाच्या कुशीत सुखानं नांदायचं." सून म्हणाली, "किती छान ना, आई?" मी पदरानं चष्मा पुसायला घेतला. परक्यासमोर कशाला तमाशा!

मग लेकानं मला शेजारच्या बैठ्या घरात नेलं. आमचंच घर ते. आता तिथं म्हाताऱ्यांसाठी राहायच्या खोल्या केल्यात. आमच्या स्वयंपाकघरात पलंग, बेसिन, भिंतीवर जहाजाचं चित्र. खिडकी तेवढी तीच. आणि पलंगाशी माझी मोठी बॅग. दोन दिवसांच्या सहलीला एवढं काय भरलंय, असं मी निघताना विचारलंही होतं. उघडून बघते तर स्वेटर, शाली, ढीगभर औषधं, माझी उशीसुद्धा.

"सरप्राइज!" लेक म्हणाला. "आई, तुझं लहानपणीचं घर! आता इथंच राहायचं. समोर समुद्र आणि नुसती शांतता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शांतता?" मी म्हटलं. "याच खिडकीत तुझी आजी दिवसभर उभी असायची. बोलायला माणूस नाही म्हणून आधी कोंबड्यांशी बोलायची, मग भिंतीशी. शेवटी शेवटी तर तिला माझं नावही आठवेना. एवढीशी होते रे मी! मला रोज भांडायला आपली भाजीवाली लागते, कळलं? जिन्यात चार माणसं भेटायला लागतात."

सुनेचा चेहरा पडला. "पण आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"विचारलं कुणी?"

उशी काखोटीला मारली आणि गाडीत जाऊन बसले. लेक काही बाहेर येईना. उघड्या दारातून त्याची पाठ दिसत होती, त्याच खिडकीपाशी. शेवटी आईचं आतडं! वाटलं, आजीचं ऐकून पोराला भरून आलं. चला, उशिरा का होईना.

बऱ्याच वेळानं आला, वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, मी मॅनेजरशी फोनवर बोललो. रस्त्याच्या बाजूची एक खोली रिकामी आहे."

"मग ती तुम्ही दोघं घ्या," मी म्हटलं. "आपलं राहतं घर माझ्या नावावर आहे."