थोडासा धूर

खाणीच्या तोंडाशी टेलिफोनची खोली होती, तिथे ती बसायची. बोलणं इतकं मऊ, की समोरच्याला "जरा सरका" म्हणायचं तरी आधी त्याची ख्यालीखुशाली विचारेल. खाली कोळसा काढणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणजे तिचे मोठे दीर. घरात त्यांच्यापुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता आणि फोनवरही तीच तऱ्हा. "भावोजी, तेवढं लवकर आटपता का?" ते म्हणत, "हो हो," आणि काम होऊन जाई. कुणाचं काही अडत नव्हतं, मग कोण कशाला बोलतंय!

त्या दुपारी निरोप आला, की खाली कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या मोटारीने पेट घेतलाय. नियम सरळ होता. आग कुठे आहे आणि कुठल्या वाटेने निघायचं एवढंच सांगायचं, आणि ऐकणाऱ्याकडून ते परत म्हणवून घ्यायचं. पण मोठ्या दिराला "निघा" म्हणायला बाईची जीभ रेटेल तर ना!

"भावोजी, पट्ट्याकडे थोडासा धूर आहे म्हणतात. जरा बघता का?"

"हो हो," म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

आपण आग म्हटलंच नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिने घाईघाईने पुन्हा फोन लावला. टोळीतल्या जाड्याने उचलला.

"मुकादम कुठायत?"

"पट्ट्याकडे गेले. तुम्हीच बघायला सांगितलंत ना, ताई?"

त्यांना मागे आणायला कुणाला तरी धाड, असं अगदी ओठांवर आलं. पण ती वाट एव्हाना धुराने भरली असणार. जाईल तोही तिथेच राहील.

"पट्ट्याजवळ आग लागलीय. तिकडून येऊ नका. हवेच्या जुन्या बोगद्याने सगळे आत्ता बाहेर निघा. मुकादमांच्या मागे कोणी जायचं नाही. म्हण परत."

"अहो ताई, पण ते एकटे..."

"म्हण परत, गाढवा!"

जाड्याने म्हटलं. शेवटचं वाक्य त्याने गाळलं, तेव्हा तिने तेही म्हणवून घेतलं. तो रडत होता.

टोळी खोकत, ठेचकाळत बाहेर आली. मुखवटे चढवून बचावपथक आत गेलं. बऱ्याच वेळाने फोन वाजला. तिने ऐकलं, पथकाचे शब्द जसेच्या तसे परत म्हटले आणि ती फाटकाकडे गेली.

जाऊबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "अगं, सगळे आले, हेच कसे दिसत नाहीत? थोडंफार भाजलं असेल, हो ना?"

"वहिनी, आधी जरा बसून घ्या," शेजारी उभे असलेले खाणीचे इंजिनिअरसाहेब मध्येच म्हणाले.

"भावोजी गेले," ती म्हणाली. "धुरात गुदमरून. आग लागलीय हे मी त्यांना सांगितलंच नाही. तिकडे मीच पाठवलं."

जाऊबाईंनी हात सोडला.