भिडूंच्या मधला इस्त्रीचा स्टँड

मित्रांनो, मी एक जुना इस्त्रीचा स्टँड आहे. हसू नका! कुणाची कॉलर किती मळते, हे मला ठाऊक असतं. म्हणून माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही.

एका सुतारानं फळी कापली, लोखंडी पाय जोडले, वर कापड ठोकलं आणि मी या घरात आलो. घरातल्या लेकीनं माझ्यावर वर्षानुवर्षं शर्ट ताठ केले. पाहुणे म्हणायचे, "काय कडक इस्त्री!" कौतुक शर्टाचं, चटके मला.

एका दुपारी लेकीची आई आणि लेकीचा नवरा मला गुपचूप उचलून आतल्या खोलीत घेऊन गेले. दाराला कडी! मी म्हटलं, इथे काहीतरी शिजतंय.

प्रकरण असं होतं. हे सासू-जावई क्लबात ब्रिज खेळायचे, एकमेकांचे भिडू. ब्रिजमध्ये खेळाआधी किती हात करणार याची बोली लावायची आणि भिडूची पानं तिच्यावरूनच ओळखायची. खाणाखुणा केल्या की लबाडी. या दोघांची बोली जरा जास्तच जुळायची. क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुमच्या खुणा चालतात. रविवारी मध्ये पडदा लावून माझ्याशी खेळा. हरलात तर क्लब सोडा."

तो पडदा म्हणजे मी!

मला टेबलावर कडेवर उभं केलं. खाली फट ठेवली. फक्त दोघांचीच पानं वाटायची. तोंड बंद. बोलीचं कार्ड ताटलीत ठेवून माझ्याखालून सरकवायचं. शेवटी पानं उघडी टाकायची आणि विचारायचं, ही बोली पाहून काय वाटलं?

"जावईबापू, मी एवढी इस्पिकं घेऊन बसले आणि तुम्ही पास? डुलकी लागली होती?"

"आई, मला वाटलं, तुमच्याकडे कचराच आहे."

"क्लबात बरं बरोब्बर कळतं तुम्हाला!"

जावई घाईघाईनं पानं पिसायला लागले. मी मात्र कान टवकारले.

तेवढ्यात दारावर थापा. "माझा स्टँड कुठाय? उद्या चुरगळलेला शर्ट घालून जाणारेस का?" नवऱ्यानं कडी काढली. लेक आत आली ती टेबलाच्या टोकाशी उभीच राहिली. तिथून दोघंही दिसत होते. तीनचार डाव बघितले आणि म्हणाली, "आई, चांगली पानं आली की तू चष्मा वर सारतेस. दर वेळी!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे डॉक्टर खरं बोलत होते?"

"शप्पथ, मी कधी बघितलंच नाही!" जावई म्हणाले. मी त्यांची कॉलर पाहिली. घामानं चिंब. हं!

मग लेक चमचा घेऊन बसली. आईचा हात चष्म्याकडे गेला की ताटलीवर ठण्ण! तीच पानं दुसऱ्या दिवशी एकमेकांत अदलाबदल करून पुन्हा खेळायची. भांडणं झाली, चहा गार झाला. पण हळूहळू हात जागेवर राहिला आणि बोली जुळायला लागली. नुसती बोली.

रविवारी मला क्लबात टेबलावर तिरकं उभं केलं. माझ्या एका बाजूला सासूबाई आणि डॉक्टर, पलीकडे जावई आणि डॉक्टरांचा भिडू. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. सासूबाईंना जबरदस्त पानं आली. चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. हात हलला नाही. डॉक्टरांनी तिरक्या नजरेनं पाहिलं, मिशीत हसले आणि भरमसाट बोली लावली. सासूबाईंनी थंडपणे 'डबल'चं कार्ड ठेवलं, म्हणजे बोली हुकली तर दंड दुप्पट.

डॉक्टर सपशेल आपटले.

"पण तुम्ही चष्मा वर केलाच नाहीत!" ते ओरडले.

अख्ख्या हॉलच्या माना वळल्या. माझ्या पलीकडून जावयांचा आवाज आला, "काय म्हणालात डॉक्टर? जरा मोठा आ करा की!"

मित्रांनो, तेव्हापासून मी रोज दुपारी पडदाच आहे. आता लेकही पत्ते पिसते. माझं कापड विरलंय, पाय कुरकुरतात. कुणावर संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, पण आपण स्वतः कुठे बघत होतो तेही आठवा. आणि तुमच्या घरच्या स्टँडला तेलाचा थेंब तेवढा घाला.

हो, सांगायचं राहिलं. त्या रविवारी घरी आल्यावर जावयांनी शर्ट काढून माझ्यावर टाकला. मी आधी कॉलर तपासली.

कोरडी होती.