ओला चुना

त्या घरात कुणाच्या हातून दूध उतू गेलं, कप फुटला किंवा शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं की एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आत्यावर गेलीस!’ म्हणणाऱ्यांत पहिला नंबर अप्पांचा, म्हणजे आत्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. आणि गंमत अशी की आत्या तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसलेली असायची. आपल्या नावाने दुसऱ्याला बोलणी बसताहेत याचं तिला काही वाटत होतं की नाही, देव जाणे. ती ताकास तूर लागू द्यायची नाही. देठ इकडे, पानं तिकडे, चाललंय आपलं.

अप्पांच्या ज्या मुलीला हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकावं लागायचं, तिने लहानपणीच कानाला खडा लावला होता. बाकी काय वाटेल ते होऊ दे, पण आत्यावर जायचं नाही. आत्यावर तिचा जीव होता, आई कामावर गेली की तिला आत्यानेच न्हाऊमाखू घातलं होतं. पण जीव असणं वेगळं आणि हसं होणं वेगळं. तिने तो खडा इतका घट्ट धरला की मोठी होऊन ती निलगिरीच्या लागवडीत झाडांवर खुणा करायच्या कामाला लागली, तेव्हा तोडकरी तिला तराजूबाई म्हणायला लागले. तराजूबाईची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. या नावाचा ती वरवर राग दाखवायची, पण कुणी नवीन माणूस तिला नुसतं ‘बाई’ म्हणाला की तिचं तोंड जरा उतरायचं.

आता आत्याचं हसं कशावरून झालं होतं, ते सांगायला हवं. खुणा करायचं काम आधी आत्याकडेच होतं. हल्ली रंगाचे फवारायचे डबे आलेत. तेव्हा एका बादलीत गेरू असायचा आणि दुसरीत चुना. बुंध्यावर लाल ठिपका असला की झाड पाडायचं. बुंध्याभोवती पांढरा पट्टा असला की हात लावायचा नाही. पट्टा फक्त हद्दीवरच्या झाडांना, बाकी सगळ्यांना ठिपका. तोडकरी झाडाकडे बघत नाहीत, खुणेकडे बघतात. आणि ते बरंच आहे, झाडाकडे बघत बसले तर करवत चालायची नाही. त्या वर्षी तिथे निलगिरी नव्हती. जुनं, गच्च, मोडकंतोडकं रान होतं, आणि ते साफ करून कंपनीला फळ्यांचं लाकूड लावायचं होतं.

आत्या रोज दुपारी एका जांभळाखाली डबा खायची. चुना ब्रशात वाळला की ब्रशाची काठी होते, म्हणून डबा उघडायच्या आधी ती ब्रश त्याच खोडाला पुसायची. पुसता पुसता खोड चारी बाजूंनी पांढरंफेक झालं. मग अप्पा आपली टोळी आणि दोन माणसांची लांब करवत घेऊन त्या बाजूला आले, पांढरा रंग बघितला आणि वळसा घालून पुढे गेले. अख्खं रान आडवं झालं, आणि हद्दीपासून कितीतरी आत, भुंड्या जमिनीच्या मधोमध, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या एकुलत्या एका दातासारखं ते जांभूळ उभं राहिलं. साहेबांच्या लक्षात येईपर्यंत भोवती निलगिरीची रोपं लागून गेली होती. झाड पाडावं तर ओळीच्या ओळी चिरडणार. तेव्हाच्या साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आत्याच्या हातातला ब्रश काढून रोपवाटिकेत पाणी घालायचा पाइप दिला गेला. तो तिने निवृत्त होईपर्यंत धरला.

अप्पा ही गोष्ट जमेल तिथे सांगायचे. ब्रश कसा पुसायचा, मग आत्या डब्याचं झाकण कसं उघडायची, साहेब डोळे कसे वटारायचे, सगळं हातवारे करून. लोक हसून हसून खोकायला लागायचे. आत्याने कंपनीला चुना लावला, असंही कुणीतरी म्हणायचंच. आत्याही हसायची. तराजूबाई तेव्हा फ्रॉकातली पोर होती, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण त्याच जांभळाखाली तिचं बालपण गेलं. निलगिरीच्या ओळी वहीतल्या रेघांसारख्या सरळ असायच्या. कुठल्याही ओळीत उभं राहा, दुसऱ्या टोकाचा उजेड दिसायचा. खाली नुसती साल आणि कडक पानं, पाय टाकला की करकर वाजणारी. पाखरू नाही की किडा नाही. सुट्टीत ती अप्पांचा डबा घेऊन जायची तेव्हा त्या शांततेला घाबरून पळत सुटायची, आणि जांभळापाशी आली की एकदम गलका. पाखरं, खारी, माश्या, सांडलेली फळं. तिथे थांबून ती श्वास घ्यायची. घरी गेल्यावर आत्या आधी जीभ बघायची. जांभळी दिसली की स्वतःची काढून दाखवायची, तीही जांभळीच असायची. अप्पा गेले, आई गेली, ती करवत भिंतीवर गंजली. राहिली ती आत्या.

जांभूळही राहिलं नव्हतं. मागच्या एका वादळात ते मुळासकट उपटलं आणि पडताना आजूबाजूच्या निलगिऱ्याही घेऊन गेलं. वर आभाळाचा एक मोठा तुकडा मोकळा झाला. त्याच सुमारास निलगिरी उंच झाली म्हणून कंपनीने खालची साफसफाई बंद केली. आधी दरवर्षी निंदणारी टोळी यायची आणि ओळींमध्ये उगवलेलं सगळं जमिनीलगत छाटून जायची. ती यायची थांबली, आणि जमिनीत इतकी वर्षं दम धरून बसलेलं सगळं वर आलं. जांभळं तर आलीच, पण पाखरांनी कुठून कुठून आणून टाकलेली उंबरं आली, भोकरं आली. ती ओळीत नव्हती. जिथे जागा मिळाली तिथे उभी होती, बसच्या थांब्यावर माणसं उभी असतात तशी.

आणि आता निलगिरी तयार झाली होती. साहेबांनी तराजूबाईला बोलावून कामाची आखणी सांगितली. सगळी निलगिरी लाल. हद्दीला पांढरा पट्टा. त्यानंतर झुडपं कापायचं यंत्र येईल, खालचं सगळं सपाट करील, म्हणजे तोडकऱ्यांना फिरायला जागा होईल. साहेब काही वाईट माणूस नव्हते. मधल्या त्या भागात बरीच जुन्या रानातली झाडं आलीत, असं तिने सांगितलं तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, की आपण लावलं नाही ते तण, हा नियम मी केलेला नाही, आणि तुम्ही तो इतकी वर्षं माझ्यापेक्षा काटेकोर पाळलाय. खरंच होतं ते.

तिने निलगिरीवर ठिपके मारले. कामात कसूर नव्हती. पण शेवटच्या दिवशी पडलेल्या जुन्या खोडाच्या जागी आली तर एका तरण्या जांभळाला पहिल्यांदा फळ धरलेलं. झाड तिच्यापेक्षा हातभरच उंच, फळं मोजकी, बारीक, निम्मी कच्ची. परवा यंत्र यायचं होतं. तिने पिकलेली तेवढी रुमालात घेतली आणि तडक आत्याकडे गेली.

आत्या कामगारांच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत राहायची. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, खिडकीत दुधाच्या पिशव्यांमध्ये लावलेली रोपं. पाणी घालायची सवय काही सुटत नव्हती. गुडघ्यांमुळे ती आता घराबाहेर पडत नसे. तिने फळ तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि बी तळहातावर काढून ठेवली.

“हे आपल्याच झाडाचं,” ती म्हणाली. “तुरट आहे. पहिल्या वर्षी असतंच.”

तराजूबाईने सगळं सांगितलं. यंत्राचं, साहेबांचं, तणाचं. सांगता सांगता तिचा आवाज चढला, आणि जे मनात इतकी वर्षं होतं तेही बाहेर पडलं. म्हणाली, तुझ्या हातून एक चूक झाली आणि केवढं रान उभं राहिलं बघ. माझ्या हातून एकही होत नाही, आणि परवा मीच ते सपाट करवणार.

आत्याने तळहातावरची बी रुमालात ठेवली.

“ब्रश पुसायला खोडाची किती बाजू लागते गं?”

“एक.”

“मग पट्टा चारी बाजूंनी कसा होता?”

इतक्या वर्षांत ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली, आणि हे एवढं साधं तिच्या, खुणा करून पोट भरणाऱ्या बाईच्या, लक्षात आलं नव्हतं. पट्टा काढायला खोडाभोवती फिरावं लागतं. पुसता पुसता कुणी फिरत नाही.

“रान वाचवायचं वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं,” आत्या म्हणाली. “सगळंच चाललं होतं. मला वाटलं, जेवायला बसायला एक तरी सावली असू दे. अप्पाची टोळी वर आलेली दिसली, तशी बादली उचलली आणि पट्टा मारून दिला.”

“आणि अप्पा?”

“त्याने करवत टेकवली होती. मग खोडाला हात लावला, तर बोटं पांढरी. चुना ओला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, बोटं पँटला पुसली आणि टोळीला म्हणाला, वळसा घ्या. पुढे रोपं लागल्यावर साहेबांच्या लक्षात आलं, तेव्हा मला काही सुचेना. तेवढ्यात हाच पुढे झाला. म्हणाला, साहेब, हिला ब्रश पुसायची अक्कल नाही. सगळे हसले. मुद्दाम केलं म्हणून कळलं असतं तर दोघांनाही घरी बसवलं असतं. येड्या बाईला कोण घरी बसवतं? नुसतं हसतात.”

म्हणजे अप्पा जन्मभर जी गोष्ट सांगत होते, ती बहिणीची टिंगल नव्हती. तिच्यावर घातलेलं पांघरूण होतं ते. तराजूबाईला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. अप्पांवर लहानपणी धरलेला राग आठवला. त्यांना एकदा तरी विचारायला हवं होतं. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, मग उठायला जमत नाही म्हणून बसल्या जागेवरून ओट्याखाली बोट दाखवलं. तिथे जुना ब्रश होता. गुडघे जाईपर्यंत आत्या त्याने दर वर्षी खोलीच्या भिंती पांढऱ्या करायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तराजूबाई बादली घेऊन गेली. फवाऱ्याचा डबा तिच्या पिशवीत होता, पण तिने चुनाच कालवला. डोक्यावर गेलेलं प्रत्येक झाड घेतलं. जांभूळ, उंबर, भोकर, आणि एक कसलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. प्रत्येकाभोवती पूर्ण फिरून पट्टा मारला. पट्टे अगदी एकसारखे आले. सवय जाते कुठे. दुपारी भूक लागली तेव्हा तरण्या जांभळाखाली डबा उघडला. सावली जेमतेम मांडीपुरती होती. उरलेलं काम संपायच्या आधीच दिवस कलला, आणि शेवटची झाडं दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्राची घरघर ऐकत ऐकत झाली.

यंत्र चालवणाऱ्याला सगळे डुलक्या म्हणायचे, कारण तो चहाच्या सुट्टीत बसल्या बसल्या झोपायचा. त्याचा बाप अप्पांच्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला असायचा. त्याने यंत्र थांबवलं, खाली उतरला आणि समोर पसरलेले पांढरे पट्टे बघत राहिला. हद्द तिथून लांब होती, हे त्यालाही माहीत होतं. त्याने जवळच्या उंबराला हात लावला. बोटं बघितली. मग तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात ब्रश होता. इतकी वर्षं जपलेलं नाव त्या माणसाच्या चार बोटांवर होतं.

डुलक्याने बोटं पँटला पुसली.

“खूण आहे,” तो मागच्या माणसांना म्हणाला. “वळसा घ्या.”

संध्याकाळी साहेब आले तेव्हा डुलक्या चहाच्या पातेल्याशी उभा राहून हातवारे करत होता. तराजूबाईला म्हणे हद्द कुठे ते समजेना, नकाशा उलटा धरला आणि दिसेल त्याला चुना फासत सुटली. वय झालं, दुसरं काय. तोडकरी पोट धरून हसत होते. खाण तशी माती, शेवटी आत्यावरच गेली, असं कुणीतरी मागून म्हणालं. साहेबांनी तो सगळा भाग फिरून बघितला. वळसे घालूनच आता निलगिरी निघणार होती, यंत्र पुढे गेलं होतं, परत आणायचं म्हणजे आठवड्याचं काम अडणार. ते चिडले, बरंच बोलले, आणि शेवटी म्हणाले की उद्यापासून तुम्ही रोपवाटिकेत पाइप धरा. तराजूबाईने मान खाली घातली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि ते लाजेचं वाटावं एवढीच तिची धडपड होती.

ती आत्याकडे गेली तेव्हा हातांना चुना तसाच होता, भेगांमध्ये वाळलेला. आत्याने हात बघितले.

“आत्या, मी तुझ्यावर गेले,” ती म्हणाली.

आत्याने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि खिडकीतल्या रोपांकडे तोंड केलं.

“डावीकडच्या नळाला पाइप लाव,” ती म्हणाली. “उजवीकडचा मी होते तेव्हापासून गळतोय.”