टोपलीतली घड्याळं

"चित्र बिघडलं ना क्लोतिल्ड, तर आधी तार बघायची. पडद्याला नंतर हात लावायचा."

तोंडात दोन खिळे धरून, छपरावर ओणवा झालेला गास्तों असं सांगायचा. टायफॉइडने तो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. बेपांदा वस्तीतल्या साठेक घरांना केबल पुरवायचं त्याचं काम आता क्लोतिल्डच बघत होती. छपरावरची तबकडी, खांबाखांबावरून गेलेल्या तारा, पावसात गंजणारे जोड, सगळं. आणि आज शनिवारच्या प्रार्थनासभेत, मासळीच्या जुन्या गोदामात, तीनशे माणसांच्या पाठीमागे बसून, तिला नवऱ्याचे तेच शब्द राहून राहून आठवत होते.

पुढे सभेचा धर्मगुरू, पास्तर एलिएझर उभा होता. पांढरा सूट, पांढरे बूट आणि उजव्या कानात काळा मणी. मागे भिंतीएवढ्या पडद्यावर टीव्ही चालू होता, साबणाच्या जाहिराती चालल्या होत्या.

"आत्मा म्हणतो... थांबा, आत्मा म्हणतो घाई करू नका!" पास्तरने डोळे मिटले. "निळा रंग दिसतोय. निळ्या कपड्यातली एक बाई. ती सांगणार आहे... पूल! एक मंत्री फीत कापतोय. कात्री चालत नाहीये, माझ्या लेकरांनो, कात्री चालत नाहीये!"

जाहिराती संपल्या. बाराचा ठोका वाजला. बातम्या सांगणारी बाई निळ्या झग्यात हजर झाली आणि पहिलीच बातमी पुलाची. मंत्र्याने फीत कापायला घेतली, कात्री अडली, शेजारच्याने दुसरी पुढे केली.

गोदाम नुसतं दणाणलं. बायका हात वर करून रडू लागल्या. क्लोतिल्डच्या पुढच्या बाकावरची बर्नादेत, कोपऱ्यावर भजी आणि बीन्स विकणारी, हात जोडून बसली होती. तिचं तीन वर्षांचं पोर गेल्या वर्षी तापाने गेलं होतं.

"हाच आत्मा येत्या शनिवारी एक नाव सांगणार आहे!" पास्तर गरजला. "चेटूक करून तुमची माणसं अदृश्य बाजारात नेऊन विकणाऱ्या म्हातारीचं नाव! पोटच्या पोरालाही जिने सोडलं नाही, तिचं नाव!"

तीनशे माना मागे वळल्या. नाव सांगायची गरजच उरली नव्हती. क्लोतिल्डची सासू, मा सिकाती, पोटच्या पोराच्या मागे जिवंत राहिलेली म्हातारी. वस्तीत दुसरी कोण होती तशी?

बर्नादेतही वळली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि रागाच्या आत इतकं दुःख होतं की क्लोतिल्डला तिच्यावर रागावताही येईना.

त्या रात्री छपरावर दगड पडले. पहाटे क्लोतिल्डने सासूला पेंजा गावाला जाणाऱ्या गाडीत बसवलं. तिथे मा सिकातीची बहीण राहत होती.

"शनिवारी दुपारच्या गाडीने न्यायला येते, मा."

"शनिवारी तर ते माझं नाव घेणार आहेत," म्हातारी म्हणाली. "मग कुठे नेशील मला?"

"घरी."

"लोक येऊ देतील?"

"येते म्हटलं ना."

बोलून गेली खरी. पण गाडी गेल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. करणार काय होती ती?

क्लोतिल्डचा एक नेम होता. लग्नाच्या दिवसापासून दुपारी बाराला मिशनच्या चर्चची घंटा झाली की हातातलं काम ठेवायचं आणि प्रार्थना म्हणायची. छपरावर असली तरी, बाजारात असली तरी. गोदामातसुद्धा ती मुद्दाम मागच्या झरोक्याखाली बसली होती, घंटा ऐकू यावी म्हणून. घंटा झाली, प्रार्थना झाली. मग गास्तोंच्या आत्म्यासाठी तिने माळेचे दहा मणी ओढले, मग आणखी दहा. आणि त्यानंतर पडद्यावर बाराचा ठोका वाजला.

तेव्हा तिला ते जाणवलं नव्हतं. आता भांडी घासताना जाणवलं आणि हात थांबला.

वीस मणी, म्हणजे सहा-सात मिनिटं. मग घंटाच चुकली असेल का? दुसऱ्या दिवशी ती घरच्या टीव्हीसमोर बसली. घंटेचा पहिला टोल आणि टीव्हीवरचा ठोका जवळजवळ एकदमच पडले. म्हणजे चर्चचं घड्याळ बरोबर होतं. चुकत होता तो पास्तरचा पडदा. त्यालाही केबल तिचीच, एकाच तबकडीची. एकाच तारेतून आलेले बारा तिथे सात मिनिटं उशिरा कसे वाजतात?

आधी तार बघायची. तिने तार तपासली. तारेत काही दोष नव्हता.

मग तिला दारातली ती टोपली आठवली. गोदामात शिरताना एक बाई प्रत्येकाकडून मोबाइल आणि मनगटी घड्याळ काढून घ्यायची. "देवाच्या दारात माणसाची वेळ चालत नाही," म्हणायची. मोबाइलचं एक वेळ समजलं असतं. पण घड्याळाने देवाचं काय बिघडत होतं?

कोपऱ्यात गास्तोंचा कॉम्प्युटर होता, बेल्जियमहून जहाजाने आलेला जुना डबा. त्यात त्याने ट्यूनर कार्ड बसवलं होतं. केबलची तार मागे खुपसली की टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरवर दिसायचं. गास्तोंला त्यातली सर्वांत आवडलेली खुबी वेगळीच होती. ब्राझीलची मालिका ऐन रंगात यायची आणि चुलीवर केळी करपायची, तेव्हा तो एक बटण दाबायचा. नायिका तोंड उघडं ठेवून थांबायची. केळी उतरवून क्लोतिल्ड परत आली की नायिका पुढे बोलू लागायची. मधल्या वेळात येणारा कार्यक्रम कॉम्प्युटर आपल्या पोटात साठवत राहायचा आणि थांबल्या जागेपासून दाखवायचा.

"शेजाऱ्यांची मालिका संपली तरी आपली चालूच," गास्तों हसून म्हणायचा. आणि असलं एक कार्ड आपण एका पास्तरच्या कॉम्प्युटरमध्येही बसवून दिलंय, असंही तो एकदा म्हणाला होता.

क्लोतिल्डने क्रूसाची खूण केली आणि कॉम्प्युटर चालू केला. सात मिनिटं चित्र थांबवून ठेवलं, मग सोडलं. शेजारी साधा टीव्ही लावला. टीव्हीवर जे बोललं जाई तेच सात मिनिटांनी कॉम्प्युटरवर. साधा टीव्ही बघून ती कॉम्प्युटरचं भविष्य सांगू शकत होती, एकही शब्द न चुकता.

शुक्रवारी तिने मोटरसायकलवरून सवारी नेणाऱ्या वाफोला गाठलं. वस्तीत पास्तरची टिंगल करायची छाती त्याच्या एकट्याची होती. इतर पोरांसारखा तोही तिला तांतीन, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"तांतीन, तुम्ही नुसतं बोट दाखवा," वाफो म्हणाला. "त्या पांढऱ्या बुटांना मागे बसवतो आणि थेट बंदरात नेऊन ओततो."

"मारामारी नको रे बाबा. तुला लिहिता येतं ना भरभर?"

"परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहायचो. भरभरच लिहावं लागायचं."

शनिवारी वस्ती गोदामात लोटली. बर्नादेतची भज्यांची गाडी कोपऱ्यावर तशीच राहिली होती. तिचा छोटा टीव्ही गिऱ्हाइकांसाठी चालू होता, तोही थेट केबलवर. वाफो पेन्सिल आणि भज्यांचा तेलकट कागद घेऊन त्याच्यासमोर बसला. गोदामाची तार गाडीशेजारच्याच खांबावरून जाई, त्याला शिडी लावून क्लोतिल्ड वर चढली.

घंटा झाली. शिडीवरच तिने प्रार्थना म्हटली. बातम्या सुरू झाल्या. पहिली कोकोच्या भावाची, दुसरी शिक्षकांच्या संपाची. तिसरी, राजधानीच्या पाहुण्यांची, सुरू झाली, "याउंदेहून आलेल्या पाहुण्यांचं..." आणि क्लोतिल्डने जोड फिरवून तार सुटी केली.

तारेचं टोक हातात धरून ती गोदामात शिरली. वाफो मागोमाग होता. दारातली बाई टोपली घेऊन आडवी आली, तेव्हा त्याने टोपलीच तिच्या हातून काढून घेतली.

"कोको!" पास्तर डोळे मिटून घुमत होता. "कोकोचा भाव चढतोय! गुरुजी... संपावरचे गुरुजी शाळेत परत जातायत..." मागे पडद्यावर अजून साबणाच्या जाहिराती होत्या.

"पास्तर," क्लोतिल्ड म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. पण ती तारेचं टोक उंच धरून मधल्या वाटेने चालत आली, तसे सगळे गप्प झाले. "ही तुमच्या टीव्हीची तार. मी सोडवून आणलीय."

पास्तरने डोळे उघडले. क्षणभर गांगरला, पण गडी पक्का होता. "बघा!" तो ओरडला. "तार तोडली तरी चित्र चालू! आत्म्याला तार लागत नाही! हालेलूया!"

"हालेलूया!" गोदाम हादरलं. कोणी तरी गुडघ्यांवर बसलं. वाफोचा चेहरा पडला. "तांतीन," तो कुजबुजला, "हे तर उलटंच झालं."

"थांब जरा." ती पास्तरकडे वळली. "पास्तर, तिसरी बातमी सांगा ना. याउंदेहून आलेल्या पाहुण्यांचं पुढे काय झालं?"

पास्तरचा हात कानातल्या मण्याकडे गेला. "पाहुणे... हो. पाहुण्यांचं... पाहुण्यांचं भलं होईल."

मागून कोणी तरी खुदकन हसलं.

"मग मी सांगते." तिने वाफोने लिहिलेला तेलकट कागद उलगडला. "आधी कोको, मग संप. मग ती बाई म्हणेल, 'याउंदेहून आलेल्या पाहुण्यांचं'. आणि पुढचा शब्द यायच्या आत पडद्यावर मुंग्या येतील. कारण त्याच क्षणी मी तार सोडवली."

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. बाराचा ठोका पडला. कोको झाला. संप झाला. बर्नादेत तोंडावर हात धरून बघत होती.

"याउंदेहून आलेल्या पाहुण्यांचं..."

खर्रर्र. भिंतभर मुंग्या.

वाफोने मागच्या कोपऱ्यातला कापडी पडदा सर्रकन ओढला. आत पास्तरचा भाऊ एका हातात मोबाइल धरून बसला होता. त्याच्यासमोरच्या छोट्या टीव्हीवर कधीपासूनच्या मुंग्या नाचत होत्या. शेजारी कॉम्प्युटर. कोण कुणाच्या कानात काय सांगत होतं, ते आता समजावून सांगावं लागलं नाही. तरी क्लोतिल्डने सांगितलं, एकेक गोष्ट, शांतपणे. कार्ड काय करतं, सात मिनिटं कुठे साठतात, तार सुटल्यावरही साठलेलं कसं चालत राहतं आणि घड्याळं टोपलीत का जातात.

"घड्याळ असतं तर तुम्हालाही पहिल्याच दिवशी कळलं असतं," ती म्हणाली.

चार-पाच पुरुष बाह्या सरसावून पास्तरकडे धावले. ती मध्ये उभी राहिली.

"मारू नका. हेच हात आज माझ्या सासूवर उठणार होते. पोलिसांना बोलवा आणि त्यांना ही तार दाखवा." मग तिने सगळ्यांकडे पाहिलं. "मीही रोज प्रार्थना करते. देवावरचा विश्वास सोडा, असं मी कशी म्हणेन? पण कुणी चमत्कार दाखवला तर तार कुठून आली ते बघा. तुमचं घड्याळ कुणी काढून घेतलं तर का, ते विचारा. विचारलेलं देवाला चालतं. जो रागावेल तो देव नव्हे. गास्तों टायफॉइडने गेला. बर्नादेत, तुझं लेकरू मलेरियाने गेलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, तू वाचलंयस. कुणीही त्यांना विकलं नाही गं."

बर्नादेत रडली. पहिल्यांदाच, कुणावर न रागावता. मग खाली बघतच ती म्हणाली, "मा सिकातीला सांग, सकाळी गाडीवर ये म्हणावं. बीन्स गरम असतात."

वाफोने टोपली पुढे केली. लोक एकेक करून आपलं घड्याळ शोधू लागले. त्या ढिगात तळाशी गास्तोंचं जुनं घड्याळही होतं, गेल्या शनिवारी क्लोतिल्डनेच टाकलेलं, गोंधळात न्यायचं राहिलेलं. तिने ते उचललं, कानाला लावलं आणि मनगटावर बांधलं.

साडेबारा वाजले होते. पेंजाची गाडी एकला सुटत होती. वाफो पोलिसांना काय काय सांगायचं ते मोठमोठ्याने ठरवत होता. त्याला न सांगताच तिने डोक्याला रुमाल बांधला आणि ती गाडीतळाच्या रस्त्याला लागली.